डावी बाजू उजवीला मिळत नाही तेव्हा: कोनांच्या बेरीज-वजाबाकीची सूत्रं आणि दरवर्षीची तीच अडचण

दरवर्षी जुलैअखेरीस हे सुरू होतं. देवगडात पाऊस कोसळत असतो, लाइट गेलेली असते, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास फोनवर वहीच्या पानाचा फोटो येतो. अर्धं पान खोडलेलं, उरलेल्या अर्ध्यावर साइन-कॉसची रांग, आणि खाली एकच वाक्य: "सर, जुळना नाय."

अकरावीची त्रिकोणमिती, संयुक्त कोन, ‘सिद्ध करा’. मी इथे अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. इतक्या वर्षांत माझे फोन बदलले, पुढ्यातली मुलं बदलली, फोटो मात्र तोच येतो. म्हणून एकदाचं बसून लिहून काढतोय. पुढच्या जुलैत उत्तर म्हणून हेच पाठवीन.

सूत्रं पाठ नसणं हा आजार फार थोड्यांना असतो. चारच ओळी आहेत, आणि आमची मुलं त्या आरतीसारख्या म्हणतात:

साइन (अ + ब) = साइन अ कॉस ब + कॉस अ साइन ब
साइन (अ − ब) = साइन अ कॉस ब − कॉस अ साइन ब
कॉस (अ + ब) = कॉस अ कॉस ब − साइन अ साइन ब
कॉस (अ − ब) = कॉस अ कॉस ब + साइन अ साइन ब

अडतं ते पुढे. कंस दिसला की तो फोडायचा, एवढंच डोक्यात. नारळ फोडायचा तरी आपण आधी हातात घेऊन फिरवून बघतो, शेंडी कुठे, डोळे कुठे. कंसाला मात्र सरळ कोयता.

आधी सूत्रच नीट उतरलंय का ते बघा

साइन (अ + ब) म्हणजे साइन अ + साइन ब असं उघडपणे कोणी लिहीत नाही. पण चौथ्या-पाचव्या ओळीत, दमल्यावर, हात आपोआप तसं लिहून जातो. ६० आणि ३० घाला. डावीकडे साइन ९०, म्हणजे १. उजवीकडे ०.८६६ अधिक ०.५, म्हणजे १.३६६. साइन कधीच १ च्या वर जात नाही, तेव्हा इथे वादच संपला. साइन हा कंसाबाहेरचा गुणक नव्हे, आतल्या दोघांना सारखा वाटून द्यायला.

कॉसच्या चिन्हाचा घोटाळा जास्त हट्टी आहे. बेरजेला वजा आणि वजाबाकीला अधिक, हे उलटं प्रकरण परीक्षेत हमखास फिरतं. त्याला पाच सेकंदांचा उपाय: दोन्ही कोन सारखे घ्या. कॉस (अ − अ) म्हणजे कॉस ०, म्हणजे १. आणि कॉसवर्ग अ + साइनवर्ग अ = १ हे दहावीपासून आपल्या घरचं आहे. म्हणजे वजाबाकीच्या सूत्रात मध्ये अधिकच हवा. उरलेला वजा आपोआप बेरजेकडे जातो. साइनचंही तसंच: साइन (अ − अ) शून्य यायला हवं, म्हणून तिथे मध्ये वजा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इथे थोडं आडवळणाने नेतो. भूमितीत वर्तुळाची ‘जीवा’ शिकलात ना? साइन म्हणजे तिचाच अर्धा भाग. आपल्याकडे ज्या, जीवा म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो शब्द जसाच्या तसा ‘जीबा’ म्हणून घेतला, पुढे लिपीत स्वर न लिहिल्यामुळे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, तिचं लॅटिन भाषांतर ‘सायनस’, आणि त्यातून आपल्याकडे परत आला तो साइन. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (इ. स. ११५०) ‘ज्योत्पत्ति’ म्हणून भाग आहे, त्यात दोन चापांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढायची रीत दिलेली आहे. पाठ करून घेतलेली पहिली दोन सूत्रं ती हीच. तेव्हा ‘इंग्रजीतलं कठीण गणित’ म्हणून घाबरू नये, माल इथलाच आहे.

मग प्रश्न बरोबर आहे का ते बघा

हे कोणी सांगत नाही. एका मुलीने एक अख्खा रविवार या प्रश्नावर घालवला:

साइन (अ + ब) साइन (अ − ब) = साइनवर्ग अ − कॉसवर्ग ब

कुठल्याशा नोट्सची झेरॉक्स होती. सोमवारी रडवेल्या चेहऱ्याने वही पुढे केली. मी म्हटलं, "अगो, अ ला ९० घाल, ब ला ३०." डावीकडे साइन १२० गुणिले साइन ६०, म्हणजे पाऊण. उजवीकडे १ वजा पाऊण, म्हणजे पाव. प्रश्नच चुकीचा छापलेला, शेवटचा कॉस तिथे साइन हवा होता. तो साइन केला की उजवीकडे १ वजा पाव, पाऊण आलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू झेरॉक्स मीच काढली होती.

तेव्हा अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला की थांबा आणि आकडे घाला. पण आकडे निवडतानाही डोळे उघडे हवेत. याच चुकीच्या प्रश्नात अ आणि ब दोन्ही ४५ घातले असते तर? डावीकडे साइन ० आल्यामुळे शून्य, उजवीकडे अर्धा वजा अर्धा, तेही शून्य. चुकीचं विधान साळसूदपणे बरोबर दिसतं. ४५ ला साइन आणि कॉस सारखेच, म्हणून तिथे एकाच्या जागी दुसरं आलं तरी पत्ता लागत नाही. ६० आणि ३० ही जोडीही थोडी लबाड आहे, कारण एकाचा साइन तो दुसऱ्याचा कॉस. मी ९० आणि ३० वापरतो, आणि टॅन असेल तर ९० टाळून दुसरं काही. आकडे जुळले नाहीत तर विधान खोटं, हे नक्की. जुळले तर मात्र काहीच सिद्ध झालं नाही, फक्त पुढे जायला हरकत नाही एवढं कळलं.

कॅल्क्युलेटरवर तपासणाऱ्यांसाठी: साइन ३० ला ०.५ न येता उणे ०.९८८ आलं, तर यंत्र अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर आहे. ०.४५४ आलं तर ग्रेडियनवर, जो कोणी मुद्दाम लावत नाही, चुकून बटण दाबलं जातं. बरोबर असलेली सिद्धता यामुळे खोडलेली मी पाहिली आहे.

खरं दुखणं: कोनांकडे न बघता फोडाफोडी

सूत्र बरोबर, प्रश्न बरोबर, तरी जुळत नाही. नव्वद टक्के फोटो इथले, असं मी म्हणेन, मोजले नाहीत तरी.

वरचाच प्रश्न, आता नीट छापलेला: साइन (अ + ब) साइन (अ − ब) = साइनवर्ग अ − साइनवर्ग ब. मुलं दोन्ही कंस फोडतात, गुणाकार करतात, आणि इथवर सुखरूप येतात:

साइनवर्ग अ कॉसवर्ग ब − कॉसवर्ग अ साइनवर्ग ब

आणि इथे होडी वाळूत रुतते. काही जण घाबरून परत मागे जातात, साइन अ कॉस ब च्या जागी काहीतरी घालतात आणि दहा ओळींनी पुन्हा याच ठिकाणी येतात. अशा वेळी उजवीकडे काय आहे ते सगळेच बघतात. काय *नाही* ते बघा. उजवीकडे कॉस कुठेच नाही. म्हणजे आपल्याकडच्या दोन्ही कॉसवर्गांना जायचंय. कॉसवर्ग ब च्या जागी १ − साइनवर्ग ब, कॉसवर्ग अ च्या जागी १ − साइनवर्ग अ:

साइनवर्ग अ − साइनवर्ग अ साइनवर्ग ब − साइनवर्ग ब + साइनवर्ग अ साइनवर्ग ब

मधली जोडी उडाली, संपलं. आणि उजवीकडे कॉसवर्ग ब − कॉसवर्ग अ मागितलं असतं, तर त्याच रुतलेल्या ओळीतून साइन घालवायचे होते. सुरुवात तीच, वळण उजवी बाजू ठरवते.

आता ज्याच्यापायी सगळ्यात जास्त कागद जातो तो:

टॅन ३अ − टॅन २अ − टॅन अ = टॅन ३अ टॅन २अ टॅन अ

दहापैकी आठ जण टॅन ३अ चं टॅन अ मधलं मोठं सूत्र काढतात, टॅन २अ चंही, मग छेद समान करतात, आणि पान आडवं धरावं लागतं. होतं तसंही, होत नाही असं नाही, पण वाटेत एक चिन्ह सुटलं की रात्र गेली. त्यापेक्षा तीन कोन शेजारी लिहा: ३अ, २अ, अ. यांचं आपसातलं नातं काय? ३अ = २अ + अ. बस्स. म्हणजे टॅन (अ + ब) च्या सूत्राने (साइनच्या सूत्राला कॉसच्या सूत्राने भागलं की मिळतं ते)

टॅन ३अ = (टॅन २अ + टॅन अ) ÷ (१ − टॅन २अ टॅन अ)

छेद डावीकडे नेला: टॅन ३अ − टॅन ३अ टॅन २अ टॅन अ = टॅन २अ + टॅन अ. पदं इकडची तिकडे केली की मागितलेलं समोर. टॅन २अ फोडायलाच लागला नाही. तो अख्खाच हवा होता, उजवीकडे तो अख्खाच बसलाय हे आधी बघितलं असतं तर कळलं असतं. (अ ला ३० घालून तपासू नका, टॅन ९० ला अर्थ नाही. ४५ ही नको, तिथे टॅन २अ अडकतो.)

याच जातीचा दुसरा: (साइन ५अ + साइन ३अ) ÷ (कॉस ५अ + कॉस ३अ) = टॅन ४अ. साइन ५अ चं विस्तार-सूत्र शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. उजवीकडचा ४ हा ५ आणि ३ च्या बरोबर मध्ये आहे. ५अ म्हणजे ४अ + अ, ३अ म्हणजे ४अ − अ. आता कंस फोडा. वर २ साइन ४अ कॉस अ उरतं, खाली २ कॉस ४अ कॉस अ. भागलं की टॅन ४अ.

कोन आकड्यांत दिलेले असले की मुलं जास्तच गोंधळतात. (कॉस १७ + साइन १७) ÷ (कॉस १७ − साइन १७) = टॅन ६२. १७ अंशांची किंमत पाठ नाही, मग आता? पुन्हा कोन: ६२ वजा १७ किती? ४५. ४५ दिसला की टॅन ४५ = १ आठवायचं, आणि तो १ कुठे लपलाय ते शोधायचं. वरखाली कॉस १७ ने भागा: (१ + टॅन १७) ÷ (१ − टॅन १७). पहिला १ म्हणजे टॅन ४५, आणि छेदात टॅन १७ च्या मागे टॅन ४५ गुप्तपणे गुणिले बसलाय. हे टॅन (४५ + १७) चंच सूत्र.

मी वर्गात नियम केलाय: ‘सिद्ध करा’ वाचल्यावर पहिली ओळ सूत्राची लिहायची नाही. समासात फक्त कोन लिहायचे, डावीकडचे आणि उजवीकडचे, आणि एकातून दुसरा बेरजेने-वजाबाकीने कसा येतो ते. नातं सापडेपर्यंत पेन खाली. मुलांना कंटाळवाणं वाटतं.

जुळलं, पण गुण कापले

ही तक्रार वेगळी. सिद्धता बरोबर दिसते, तपासणाऱ्याने मात्र गुण दिले नाहीत. बहुतेक वेळा मुलाने जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरलेलं असतं, दोन्ही बाजूंना हवं ते करून शेवटी ० = ० लिहिलेलं असतं. कच्चं काम म्हणून ठीक आहे, मीही तसं करतो. पण पक्कं लिहिताना एक बाजू धरायची, शक्यतो जास्त गुंतागुंतीची, आणि दुसरीपर्यंत चालत जायचं. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सोप्या करून एकाच ठिकाणी आणल्या तरी चालतं.

दोन्ही बाजूंचा वर्ग करणाऱ्यांना माझा एक आवडता प्रश्न आहे. साइन अ = √(१ − कॉसवर्ग अ), हे सिद्ध करा. वर्ग केला की झटक्यात होतं. आता अ ला २१० घाला. डावीकडे उणे अर्धा, उजवीकडे अधिक अर्धा. वर्ग केल्यावर चिन्हं पुसली जातात, आणि खोटं विधान खरं होऊन बाहेर पडतं.

बंदरावरची शंका

बेरजेचं गुणाकारात रूपांतर शिकवताना गेल्या वर्षी एकाने विचारलं, "सर, ह्येचो उपयोग काय?" त्याच्या घरची होडी आहे. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना विचार भरतीची वेळ कशी काढतात. त्याला ठाऊक होतं: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, साधारण तीन वाजता भरती.

भरती ढोबळमानाने दोन कॉसांची बेरीज असते. चंद्रामुळे येणारी तासाला २८.९८४ अंश फिरते, सूर्यामुळे येणारी तासाला ३० अंश. चंद्राची १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते, सूर्याची १२ तासांनी. कॉस (अ + ब) आणि कॉस (अ − ब) ची सूत्रं एकाखाली एक लिहून बेरीज केली की साइनची पदं उडतात आणि २ कॉस अ कॉस ब उरतं. अ + ब ला क म्हणा, अ − ब ला ड:

कॉस क + कॉस ड = २ कॉस ((क + ड) ÷ २) कॉस ((क − ड) ÷ २)

मुलं इथे हमखास ‘÷ २’ विसरतात. विसरू नका, पुढची सगळी गंमत त्यातच आहे. पहिला कॉस तासाला २९.४९२ अंशांनी धावतो, ती रोजची भरती-ओहोटी. दुसरा फक्त ०.५०८ अंशांनी सरकतो, तो भरती किती मोठी हे ठरवतो. ३६० ला ०.५०८ ने भागलं की सुमारे ७०९ तास, म्हणजे २९.५३ दिवस. अमावास्या ते अमावास्या. आणि पाऊणपट? महिन्याच्या ३० तिथींत चंद्राची भरती सूर्याच्या घड्याळामागे २४ तास पडते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. जवळपास पाऊण तास. आजोबांचं उत्तर बरोबर.

पोरगा गप्प बसला नाही. "सर, म्हयन्यात उधाण दोनदा येता. तुमचो कॉस एकदाच फिरता."

मला फार बरं वाटलं. ही शंका पुस्तक वाचणाऱ्याला येत नाही, होडीवर जाणाऱ्याला येते. कॉस एका फेरीत एकदा १ होतो आणि एकदा उणे १. उणे १ झाला म्हणून भरती लहान होत नाही, फक्त पहिल्या कॉसचं चिन्ह उलटतं. पाण्याची उंची-खोली तेवढीच मोठी. म्हणून एका फेरीत उधाणं दोन, अमावास्येचं आणि पौर्णिमेचं, प्रत्यक्षात एखाद-दोन दिवस उशिरा. आणि दुसरा कॉस शून्य होतो तेव्हा अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान भरती.

"पण भांगाक पाणी थांबणा नाय," तो म्हणाला. तेही खरं. सूत्राप्रमाणे अष्टमीला सगळं शून्य व्हायला हवं, बंदरात तसं होत नाही. कारण दोन कॉस सारख्या ताकदीचे नाहीत, चंद्राचा मोठा आहे. चंद्राची ताकद म, सूर्याची स असेल तर सूत्र सरळ लागत नाही, आणि मुलं इथे सोडून देतात. सोडू नका, मोठ्यातून लहानाएवढा भाग वेगळा काढा:

म कॉस क + स कॉस ड = स (कॉस क + कॉस ड) + (म − स) कॉस क

कंसाला आता सूत्र लागतं. अष्टमीला कंस शून्य होतो आणि बाहेरचा (म − स) कॉस क तेवढा शिल्लक राहतो. भांगाला जे थोडंसं पाणी चढतं-उतरतं ते हे.

त्याने ते वहीत उतरवून घेतलं. दोन दिवसांनी रात्री साडेनऊला त्याचा फोटो. कॉस क − कॉस ड चा प्रश्न होता, उजवीकडे २ साइन ((क + ड) ÷ २) साइन ((क − ड) ÷ २) लिहिलेलं, पुढचा वजा गायब, आणि खाली तेच: "जुळना नाय." क ला ०, ड ला ९० घालून बघ, मी एवढंच पाठवलं. डावीकडे १ येतो. त्याच्याकडे उणे १ आला असणार, कारण मिनिटभरात अंगठा आला.